झिपरीचं कॅव्हेट

एका जंगलात, बाळांनो, सगळं होतं. फक्त कायदा नव्हता. त्यामुळे भांडणं लवकर मिटायची. दोघं भांडत, एक पळून जाई, दुसरा जेवायला बसे.

मग तिथे एक पोपट आला.

हा पोपट साधासुधा नव्हता. तालुक्याच्या कोर्टात वकिलांची बसायची खोली असते ना, तिथल्या पिंजऱ्यात त्याचं बालपण गेलं होतं. वकील दिवसभर बोलत, पोपट दिवसभर ऐके. एकदा शिपाई पिंजऱ्याचं दार लावायला विसरला आणि पोपट उडाला. चोचीत काही नव्हतं, पण डोक्यात इंग्रजी शब्द ठासून भरलेले होते.

जंगलात येऊन त्याने उंबराखाली क्लास काढला. रोज सकाळी एक शब्द. आधी शब्द, मग अर्थ, मग वाक्यात उपयोग.

आणि जंगल की हो खुळावलं!

माकड दुसऱ्याची सीताफळं पळवताना वळून "विदाउट प्रेज्युडिस!" म्हणू लागलं. म्हणजे काय, ते त्यालाही माहीत नव्हतं. पण तसं म्हटलं की चोरीला जरा वजन येई. होला उशिरा घरट्यात आला आणि बायकोने "कुठे होतात?" विचारलं, की तो छाती फुगवून सांगे, "माझ्याकडे अ‍ॅलिबी आहे." म्हणजे गुन्ह्याच्या वेळी आपण दुसरीकडे होतो याचा पुरावा. पण ती "कोण ती सटवी?" म्हणून रडत माहेरी जाई. वाघोबालासुद्धा राहवेना. तो क्लासला येऊन अगदी मागे बसे. त्यामुळे पुढे बसायला फार गर्दी होई.

इतके शब्द आले म्हटल्यावर कोर्टही हवंच. न्यायाधीश म्हणून सर्वांनी कासवाला नेमलं. निकालाला उशीर झाला तर कुणाला नवल वाटू नये, एवढाच त्यामागचा विचार.

आता याच जंगलात ऐनाच्या एका उंच झाडावर खारींचं एक घर होतं. घर भरलेलं, हौशी आणि मायाळू. दोष एकच. सगळे एकाच वेळी बोलायचे. सासूबाई बोलत, त्यांच्या बोलण्यावर समोरच्या जांभळीवरून आत्याबाई बोलत, आणि दोघींच्या बोलण्यावर गोंडाजी हसे. मामंजी तेवढे बोलत नसत. त्यांना हल्ली फक्त जेवायची हाक ऐकू येई.

या घरात गोंडाजीची नवी बायको म्हणून झिपरी आली.

झिपरीच्या माहेरी एक पद्धत होती. आपण बोलण्याआधी समोरच्याचं वाक्य संपू द्यायचं. सासरी वाक्य संपतच नसे. झिपरी थांबून राही. पहिल्या दिवशी थांबली, दुसऱ्या दिवशी थांबली, आणि मग तीच तिची ओळख झाली. "सून गुणाची हो," सासूबाई झाडाझाडावर सांगत. "शब्दाला शब्द म्हणून नाही."

आणि या घराचीही एक पद्धत होती. गप्प राहील त्याचा होकार. रोज संध्याकाळी सगळे ढोलीत जमले, की सासूबाई विचारत, "कुणाचं काही म्हणणं?" आणि श्वास न घेता पुढे म्हणत, "नाही ना? मग ठरलं." अशाच एका संध्याकाळी ठरलं होतं, की नव्या सुनेला कडू बिया फार आवडतात. तेव्हापासून घरातल्या सगळ्या कडू बिया प्रेमाने तिच्या पुढ्यात येत. झिपरी त्या चावत बसे आणि बघत बसे. बघण्यासारखं पुष्कळ होतं.

एकदा आत्याबाई जांभळीवरून उडी मारून आल्या. टेकायच्या आधीच म्हणाल्या, "वहिनी, सुनेचं नाव बदलायचं राहिलंय की गं!"

"अगंबाई, खरंच की!"

"झिपरी काय नाव आहे? चारचौघांत हाक मारली तर लोक म्हणतील, यांच्या घरात फणी नाही."

"मग काय ठेवायचं म्हणता?"

"मी काढलंय ना शोधून. मितभाषिणी!"

"बाई बाई, किती भारदस्त! तोंडात मावत नाही हो."

"म्हणूनच तर! घराण्याला शोभायला नको?"

सासूबाईंनी सभोवार पाहिलं. "कुणाचं काही म्हणणं? नाही ना?"

झिपरीने तोंड उघडलं.

"जांभई आली वाटतं पोरीला," आत्याबाई म्हणाल्या. "दमली असेल."

"मग ठरलं. येत्या पुनवेला नाव ठेवू."

बाळांनो, तुम्हाला वाटेल, नावात एवढं काय! पण खारीचं नाव पत्रिकेत छापायला नसतं. ते ससाण्यासाठी असतं. ससाणा वरून सुटला, की ज्याला तो दिसेल त्याने जिच्यावर सुटलाय तिच्या नावाने ओरडायचं, आणि जिचं नाव तिने फांदीखाली लपायचं. माहेरी आई "झिप!" म्हणे तोवर झिपरी फांदीखाली गेलेली असे, आणि "री" ऐकायला ससाणा एकटाच उरे. कान ऐकायचे नाहीत, अंगच ऐकायचं.

आता मितभाषिणी. झिपरीने मनातल्या मनात म्हणून पाहिलं. 'मि'ला सावली पडेल. 'त'ला वारा लागेल. 'भा'ला नखं लागतील. पुढचं दुसऱ्यांनीच ऐकायचं.

दुपारी फांदीवर ऊन खात बसलेल्या गोंडाजीला तिने गाठलं.

"अहो, मला ते नाव नकोय."

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"सांगतेच आहे."

"मला नाही गं, आईला."

"तुम्ही सांगा ना."

"मी?" गोंडाजीची शेपटी लटकली. "मला ती अजून 'गोंडू, कान धुतलेस का' विचारते. तुझं निदान लग्न झालंय."

"तुमचंही झालंय."

"हो, पण ते तिला अजून पटलेलं नाही."

माणूस वाईट नव्हता. पण ससाण्यापुढे उपयोगाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई क्लासला निघाल्या. त्यांना इंग्रजीची भारी हौस. पुढची जागा धरून ठेवायला त्या सुनेला बरोबर नेत. जागा धरून झाली, की झिपरीने उंबराच्या मुळाशी बसायचं.

पोपटाने मान वाकडी केली, एक डोळा मिटला. कोर्टातले एक ज्येष्ठ वकील शिकवताना असंच करत.

"आजचा शब्द, कॅव्हेट! अर्थ: आपल्याला न विचारता कुणी आपल्याविरुद्ध हुकूम मिळवील अशी शंका असेल, तर आपण आधीच कोर्टात जाऊन सांगून ठेवायचं, की माझं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय कसलाही हुकूम करू नये! चला, वाक्यात उपयोग करा."

माकड उठलं. "मी रोज उपाशीपोटी एक कॅव्हेट खातो."

"उत्तम!"

रानडुक्कर म्हणालं, "चिखलात लोळताना कॅव्हेट जपावं."

"उत्तम!"

सासूबाई लाजत उभ्या राहिल्या. "आमच्या घरी सगळ्यांना कॅव्हेट आवडतं."

"अत्युत्तम!"

पोपट सगळ्यांनाच उत्तम म्हणे. समोरचा क्लासला पुन्हा येण्याशी मतलब.

मुळाशी बसलेल्या झिपरीला कुणी विचारलं नाही. पण 'माझं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय' हे शब्द कानात गेले आणि तिच्या शेपटीचा केस न् केस ताठ उभा राहिला. असं सांगून ठेवता येतं? आधीच? आणि मग वाक्य संपायची वाट बघत बसावं लागत नाही?

सासूबाई मैत्रिणींना कॅव्हेटची चव समजावून सांगत होत्या. तेवढ्यात झिपरी निसटली ती थेट तळ्यावर, कासवाकडे.

"काय पाहिजे?" कवचातून आवाज आला.

"कॅव्हेट."

"आत्ताच माकड धावत येऊन गेलं. इथे खायला मिळत नाही."

"खायला नको. दाखल करायचंय."

कासवाची मान बाहेर आली. कधी नव्हे ती पुरती बाहेर आली. "कुणाविरुद्ध?"

"सासरच्यांविरुद्ध."

"सगळ्यांच्या?"

"मामंजी सोडून. त्यांना ऐकू येत नाही."

"बरं. वाक्यात उपयोग कर."

झिपरीने श्वास घेतला. "झिपरीचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय झिपरीचं नाव बदलू नये."

कासवाच्या डोळ्यांत पाणी आलं. तळ्याकाठी ते तसंही येतं, पण हे वेगळं होतं. "पोरी, न्यायाधीश झाल्यापासून पहिल्यांदाच कुणी शब्द शब्दासारखा वापरला. दाखल!" मग त्याने ऐनाच्या झाडाकडे नजर टाकली, तेवढ्या अंतराचा अंदाज घेतला, आणि म्हणाला, "नाव पुनवेला ठेवणार ना? मग मला आत्ताच निघायला हवं."

पुनवेला ऐनाखाली सगळं जंगल जमलं. मधोमध पळसाच्या पानावर वरीचे दाणे पसरलेले. आत्याबाईंनी शेपटीच्या टोकाने दाण्यांत 'मि' काढला. 'त' काढला. 'भा' काढायला शेपटी उचलली, तोच गवतातून आवाज आला.

"थां... बा."

सगळे थांबले. कासवाला पुढचं वाक्य बोलायला वेळ लागणार होता, तोवर कुणी चिवडा आवरला, कुणी पोरं आवरली.

"या नावावर कॅव्हेट आहे."

"अगंबाई, वाढलं का कुणी यांना?" सासूबाई म्हणाल्या.

"खायचं नव्हे, वहिनी!" आत्याबाई कडाडल्या. "कुणाचं कॅव्हेट?"

"झिपरीचं."

"ती बोलते?"

साऱ्या जंगलाच्या माना वळल्या. झिपरीने खाली पाहिलं. गोंडाजीनेही खाली पाहिलं. त्याने काही केलं नव्हतं, तरी.

सासूबाईंचे डोळे भरून आले. "अगं, घरात सांगायचंस ना! मी काय नाही म्हटलं असतं? नसतं म्हटलं, हो ना? नसतंच म्हटलं. बघा, ती पण नाहीच म्हणतेय."

"सुनावणी उद्या सकाळी," कासव म्हणालं, आणि उद्या वेळेवर हजर राहता यावं म्हणून तिथेच झोपलं.

बाळांनो, जंगलात बातमीला पाय नसतात, पंख असतात. एका खारीने न ओरडता, न चावता एक अख्खा समारंभ थांबवला! सकाळी पाहतात तो काय, ऐनापासून तळ्यापर्यंत रांग लागलेली. मधमाश्यांचं अस्वलाविरुद्ध कॅव्हेट. अस्वलाचं मधमाश्यांविरुद्ध कॅव्हेट. बेडकांचं बगळ्याविरुद्ध. मुंग्या एकेकटीचं वेगळं दाखल करणार म्हणून हटून बसलेल्या. आत्याबाईंनी झिपरीविरुद्ध टाकलं. होल्याच्या बायकोने त्या अ‍ॅलिबीविरुद्ध टाकलं. गोंडाजीने आईला न दिसेल असं एक टाकलं, आणि कुणाविरुद्ध ते सांगेना.

रांगेत सर्वांत पुढे होतं एक भेकर.

"वाघोबाविरुद्ध," ते म्हणालं. "माझं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय मला खाऊ नये."

वाघोबा तिथेच होता. तो क्लासचा नियमित विद्यार्थी. "बरोबर आहे," तो म्हणाला, "शिकल्यासवरल्याने नियम पाळायलाच हवा. बोला, भेकरराव." आणि पंजावर हनुवटी टेकून तो ऐकायला बसला.

भेकर बोलू लागलं. आणि काय बोललं, काय बोललं! आपले पाय किती काटकुळे, मांस किती चिवट, ते सांगितलं. आपला आजा या जंगलात कसा मानाने जगला, ते सांगितलं. गवत खाणाऱ्यांनी गवत न खाणाऱ्यांवर किती उपकार केलेत, ते सांगितलं. वाघोबा मधूनमधून "वा!" म्हणे. भेकराला हुरूप चढला. जन्मात कुणी त्याचं इतकं ऐकून घेतलं नव्हतं. ऐकणाऱ्या हरिणींचे डोळे पाणावले. शेवटी भेकराने मान झुकवली.

"एवढंच माझं म्हणणं. शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आभारी आहे."

"फार सुंदर मुद्दे मांडलेत," वाघोबा म्हणाला, आणि त्याला खाऊन टाकलं.

हरिणी चार पावलं मागे सरकल्या.

"उपयोग उत्तम!" पोपट ओरडला.

"पण... पण त्याने म्हणणं मांडलं होतं!" एक हरीण चिरकलं.

"मांडलं. वाघोबांनी ऐकलं," कासव म्हणालं. "ऐकल्यावर मानलंच पाहिजे, असं शब्दाच्या अर्थात कुठे आहे? पुढचं कोण? झिपरी!"

झिपरी फांदीच्या टोकाशी आली. काल संध्याकाळपासून तिने म्हणणं जुळवलं होतं. ससाणा, सावली, वारा, नखं, सगळं ओळीने. असं पक्कं, की आत्याबाईंनाही घाम फुटावा. पण भेकराचंही पक्कंच होतं. आत्ता तिथे त्याचा एक खूर तेवढा पडला होता.

"मांड म्हणणं," कासव म्हणालं.

आणि बाळांनो, एक नवल झालं. खारींचं घर गप्प झालं. सासूबाई गप्प, आत्याबाई गप्प, सगळ्यांची नजर झिपरीच्या तोंडाकडे. पान हललं तर ऐकू यावं. झिपरीने ही शांतता नीट पाहून घेतली. सासरी आल्यापासून असलं काही तिच्या वाट्याला आलं नव्हतं. तिच्या लक्षात आलं, की ती बोलत नाही तोवर हे सगळे असेच थांबणार. आणि ती बोलून थांबली, की आत्याबाई पुन्हा 'भा' काढणार.

तिने तोंड उघडलं.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

"सावकाश," कासव म्हणालं. त्याला असली माणसं आवडत.

"सावकाश म्हणजे?" आत्याबाईंनी फांदीवर पाय आपटला. "याला काही मुदत असेल की नाही? मास्तर, असते ना हो?"

"असते!" पोपट म्हणाला.

"असतेच," कासव म्हणालं. "पण ती माझ्या चालीने मोजायची."

त्या दिवसापासून ऐनावर गंमतच झाली. संध्याकाळी सासूबाई सवयीने म्हणत, "कुणाचं काही म्हणणं? नाही..." आणि अडत. 'ना'च्या जागी त्या सुनेकडे बघत. न जाणो, इथेही कॅव्हेट असलं तर? एकदा बिया वाढता वाढता त्यांनी विचारलं, "तुला कडूच आवडतात ना गं?" आणि, काय सांगू, उत्तराची वाट पाहिली!

"नाही," झिपरी म्हणाली.

"अय्या! मग इतके दिवस खाल्ल्यास त्या?"

"तुम्ही प्रेमाने वाढत होतात."

सासूबाईंनी उठून मामंजींना पाणी दिलं. मामंजींनी मागितलं नव्हतं.

नावाचं मात्र तिथेच राहिलं. भेटेल तेव्हा आत्याबाई विचारत, "झाला का विचार?" झिपरी म्हणे, "चाललाय."

एका दुपारी झिपरी ऐनाच्या शेंड्याकडच्या फांदीवर शेपटी वाळवत बसली होती. आभाळ मोकळं होतं. मोकळ्या आभाळात एक ठिपका होता. तो सुटला.

आत्याबाईंनी जांभळीवरून आधी पाहिला. त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या. पण त्यांच्या मनात ते नाव इतके दिवस इतकं घोळलेलं, की तोंडातून तेच निघालं. "मितभा..."

"झिप!"

हा सासूबाईंचा आवाज होता. जन्मभर लांबलचक बोललेल्या बाईंचा सगळ्यात छोटा शब्द.

झिपरी फांदीखाली होती. कशी गेली, तिलाही कळलं नाही. वर नखं सालीवर खरवडली, वारा फडफडला, आणि ससाणा रिकाम्या पायांनी वर गेला.

आत्याबाई धावत आल्या. म्हणाल्या, "माझं 'भा'पर्यंतच झालं होतं गं. 'भा'पर्यंतच."

सासूबाईंनी सुनेच्या अंगावरून शेपटी फिरवली, सगळं जागच्या जागी आहे ना पाहिलं. मग हळूच विचारलं, "तुझं म्हणणं ते हेच होतं होय?"

झिपरीने फांदीखालून वाकून पाहिलं. दूर तळ्याकाठी कासव मान बाहेर काढून बसलं होतं. हो म्हटलं असतं, तर म्हणणं मांडून झालं असतं. मांडून झालं असतं, तर ऐकून झालं असतं.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग एकाएकी त्यांना हसू फुटलं. हसता हसता त्यांनी आपली शेपटी पुढे ओढून धरली. शेंडा पार बोडका होता.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "माझं माहेरचं नाव टुकी. इथे आल्यावर सौदामिनी ठेवलं. 'सौदा'पर्यंत शेंडा गेला."

"वहिनी, हे तू कधी बोलली नाहीस!" आत्याबाई म्हणाल्या.

"विचारलंत कधी? आणि बोलायला मला वेळ कुठे होता? सारखी बोलत तर होते."

दुसऱ्या दिवशी सासूबाई एकट्याच तळ्यावर गेल्या. जाताना क्लासवरून गेल्या, पण थांबल्या नाहीत. कासवापुढे बसून त्यांनी शब्दाचा वाक्यात उपयोग केला. "टुकीचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय झिपरीचं नाव बदलू नये."

"दाखल," कासव म्हणालं. "मग, काय म्हणणं आहे तुमचं?"

सासूबाईंनी तोंड उघडलं. आभाळाकडे पाहिलं, तळ्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते तसंच मिटून घेतलं.

आत्याबाई अजून वाट बघताहेत. ऐनावर दोघीजणी शेजारी शेजारी बसून गोड बिया फोडत असतात. बाकी सगळ्या विषयांवर बोलतात, आणि आता एकीचं वाक्य संपलं की दुसरी सुरू करते. त्यामुळे आवाज निम्म्यावर आलाय. मामंजी म्हणतात, त्यांना हल्ली जरा ऐकू येऊ लागलंय.

तात्पर्य: बोलणाऱ्याचे हुलगेही खपतात, असं म्हणतात. भेकर फार छान बोललं, तेही खपलं. म्हणून, बाळांनो, आपलं म्हणणं ऐकून घेतलं जावं यासाठी जिवाचं रान करा. आणि एकदा का सगळे कान टवकारून बसले, की ते म्हणणं कधीही पुरतं सांगू नका.